कमरेची बॅग : घेताना काय तपासायचं, गोव्यात कशी वापरायची

गोव्यात कमरेची बॅग जाते ती बहुतेक वेळा कमरेवर नसताना. वाळूवर टॉवेलखाली सरकवलेली, शॅकच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या झोपडीवजा हॉटेलच्या, खुर्चीला अडकवलेली, नाहीतर भाड्याच्या स्कूटरच्या डिकीत ठेवलेली. सीझनला आमच्या म्हापशात कोल्हापूर-पुण्याकडचे पाहुणे येतात, आणि हल्ली जवळपास प्रत्येकाच्या कमरेला 'अँटी-थेफ्ट' म्हणून घेतलेली बॅग असते. लेबलावर चिन्हं छापलेली असतात : ब्लेडवर फुली, कार्डावर फुली, बारकं कुलूप. यातल्या कशाला पैसे मोजायचे आणि काय नुसतं मिरवायला आहे, हे दुकानदार सांगत नाही. माझा क्रम आधीच सांगून टाकतो. पहिलं बक्कल, मग चेन, मग पट्टा. कापडातली तारेची जाळी त्यानंतर, आणि आरएफआयडी, म्हणजे कार्ड दुरून वाचलं जाऊ नये म्हणून दिलेला कप्पा, सगळ्यात शेवटी.

असा क्रम लावायचं कारण सोपं आहे. कुठलीही बॅग चोराला रोखून धरत नाही, फक्त खोळंबवते. गर्दीत हात मारणाऱ्याकडे दोन-चार सेकंदच असतात. तेवढ्यात काम झालं नाही की तो पुढच्याकडे वळतो. म्हणून प्रत्येक सोय एकाच प्रश्नावर तपासायची : हिच्यामुळे त्याला वेळ लागेल का, किंवा मला कळेल का? दोन्हीचं उत्तर 'नाही' असेल तर ती सोय लेबलापुरतीच.

दुकानात : आधी बक्कल

नेहमीचं प्लॅस्टिकचं बक्कल दोन बाजूंनी दाबलं की सुटतं. आपल्याला सोयीचं, तसंच मागे उभ्या असलेल्यालाही. अंगठा आणि बोट, एक चिमटा, काम झालं. बॅग घसरते तेव्हा आपण बसचा दांडा धरून उभे असतो. महागड्या बॅगांतसुद्धा स्टीलची तार, जाळी, सगळं असतं आणि बक्कल मात्र हेच साधं. त्यामुळे बाकी काही बघण्याआधी बक्कल बघा.

तपासणी दुकानातच करा. बॅग बांधा, बरोबरच्या माणसाला मागे उभं करा आणि एका हाताने बक्कल सोडायला सांगा. तुम्ही दुसरीकडे बघत बोलत राहा. त्याला सहज जमलं आणि तुम्हाला कळलंही नाही, तर ती बॅग ठेवून द्या, किंवा बक्कल बदलून घ्यायच्या तयारीने घ्या. काही बॅगांना तीन ठिकाणी दाबावं लागणारं बक्कल असतं : दोन बाजू आणि मध्ये एक बटण. एका हाताने मागून ते सुटत नाही. मिळालं तर हेच घ्या. काही कंपन्या बक्कलऐवजी छोटा धातूचा हूक देतात, त्याचं तोंड फिरवून बंद करायचं असतं. तोही चांगला, फक्त घामट हाताने तुम्हाला स्वतःला उघडता येतो का ते बघा.

साधं बक्कल असलेली बॅग घरात आधीच असेल तर ती टाकून द्यायची गरज नाही. शिंप्याकडून चारेक सेंटीमीटर रुंद इलास्टिकची नळी शिवून घ्या आणि पट्ट्यात ओवून ठेवा. बक्कल लावलं की ती नळी त्यावर सरकवायची. आता सोडायला आधी नळी मागे ओढावी लागते, मग चिमटा. आणि पट्टा पँटच्या दोन तरी लुप्यांतून ओवून बांधा. मग बक्कल सुटलं तरी बॅग लगेच हातात येत नाही, ओढ लागते आणि आपण वळून बघतो. फुकटात मिळणारी यापेक्षा चांगली सोय मला माहीत नाही.

चेन

चेनला बहुतेकांचं लक्ष कुलपाकडे जातं. दोन रनर, दोघांच्या भोकांतून एक बारकं कुलूप, झालं. म्हापशाच्या बाजारात बॅगा-छत्र्या दुरुस्त करणारे एक काका आहेत, त्यांच्यापुढे मी अशी कुलूपबंद बॅग ठेवली होती. "कुलूप आहे ना? असू दे," म्हणाले. खिशातलं साधं बॉलपेन काढलं, टोक दातांच्या मधोमध टेकवलं आणि दाबलं. नायलॉनची गुंडाळी चेन टर्रकन फाकली, चार बोटं आत गेली. मग कुलपासकट दोन्ही रनर धरून त्यांनी एकदा इकडे, एकदा तिकडे सरकवले. चेन पुन्हा जशीच्या तशी. "आता सांगा, उघडली होती म्हणून?"

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, दोन रनर एकमेकांना बांधून उपयोग नाही. रनर बॅगेच्या अंगाला पक्का अडकायला हवा. चांगल्या बॅगेत चेनच्या टोकाशी कापडाचा किंवा धातूचा छोटा फास शिवलेला असतो आणि रनरचा हूक त्यात बसतो. तसं असलं की पेनाने चेन फाकवली तरी रनर सरकत नाही, फाकलेली चेन तशीच राहते आणि चोरी निदान लगेच कळते. दुसरी, चेनचे दात जाड हवेत. चेनच्या मागच्या बाजूला अनेकदा ३ किंवा ५ असा आकडा असतो, तो साधारण दातांची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. कमरेच्या बॅगेच्या मुख्य कप्प्याला ५ हवी. ३ ची चेन आतल्या खिशाला ठीक.

पेनाची युक्ती अंगावरच्या बॅगेवर कोणी करत बसत नाही, ती खोलीत किंवा रेल्वेच्या डब्यात ठेवलेल्या सामानावरची. अंगावर असताना धोका सरळ रनर ओढण्याचा. त्यासाठी कुलूपही नको. रनर हुकात अडकवता आला आणि वरून झडप आली की पुरे. जत्रेत बारकी किल्ली शोधत पैसे काढायचा प्रयोग करून बघा, दुसऱ्या दिवशी कुलूप घरी राहतं. सोय रोज वापरण्याजोगी असली तरच ती सोय.

एक खास आपल्याकडची गोष्ट. समुद्राजवळ धातूचे दात असलेली चेन घेऊ नका. खाऱ्या हवेने ती हिरवट पडते, अडकते, आणि मग माणूस ती अर्धवट उघडीच ठेवतो. नायलॉनची किंवा प्लॅस्टिकच्या दातांची चेन इथे टिकते.

पट्टा आणि कापड

पट्ट्यात स्टीलची तार आहे म्हणतात तेव्हा पट्टा बोटांनी दुमडून बघा. तार असेल तर तो ताठ राहतो, सोडला की उसळून सरळ होतो. आता पट्ट्याच्या सगळ्या लांबीवर असंच करत जा. पुष्कळदा तार अर्ध्याच भागात असते, कारण पट्टा लहान-मोठा करायची कडी तारेच्या भागावरून नीट सरकत नाही. उरलेला भाग साधा नायलॉनचा. तो कमीत कमी असावा आणि बांधल्यावर पुढच्या बाजूला यावा. शिवाय पट्टा जिथे बॅगेला जोडलाय तिथली शिवण बघा. तार त्या शिवणीच्या आत जाऊन अडकलेली हवी, आणि तिथे आडवी-उभी दाट टीप हवी. तार मध्येच संपत असेल तर कापणारा पट्टा कशाला कापेल, शिवणच उसवेल.

कापडातली जाळी चिमटीत धरून चुरगळली की कळते, आत बारीक तारा कुरकुरतात. ती बहुतेक वेळा पुढच्या आणि तळाच्या बाजूला असते, पाठीला नसते. पाठ आपल्या पोटाला टेकलेली असल्यामुळे ते चालतं. जाळीऐवजी डायनीमासारखे न कापले जाणारे धागेही वापरतात, ते हलके पडतात. लेबलावरच्या '६००डी', '१०००डी' या आकड्यांना मात्र कापण्याशी जोडू नका. तो धाग्याच्या वजनाचा आकडा आहे : ९००० मीटर धाग्याचं वजन किती ग्रॅम. जास्त आकड्याचं कापड घासलं तर जास्त टिकतं. धारदार ब्लेडपुढे दोन्ही सारखीच.

तारेच्या पट्ट्याबद्दल एक इशारा, आणि तो मी ठळकपणे देतो. स्कूटरवर बसलेले असताना किंवा रस्त्याच्या कडेने चालताना मोटरसायकलवरून कोणी बॅगेला हिसका दिला, तर न तुटणारा पट्टा बॅगेबरोबर तुम्हालाही ओढतो. गर्दीत, बसमध्ये, बाजारात तार कामाची. दुचाकीवर ती अंगावर आडवी घालू नका. स्कूटर चालवताना बॅग पोटाशी, जॅकेट किंवा सैल शर्टाच्या आत; मागे बसणाऱ्याची दोघांच्या मध्ये. आणि हिसका बसलाच तर धरून ठेवायचं नाही.

आरएफआयडी : पैसे वाचवायची जागा

जाहिरातीत दाखवतात की कोणीतरी यंत्र घेऊन जवळून जातो आणि कार्डातून पैसे खेचतो. नळाच्या धारेइतकं ते सोपं नाही. टॅप करून चालणारी कार्डं १३.५६ मेगाहर्ट्झवर बोलतात आणि तेही काही सेंटीमीटरच्या आत. प्रत्येक व्यवहाराला चिप नवा सांकेतिक क्रमांक तयार करते, तो दुसऱ्यांदा चालत नाही. कार्डाच्या पाठीमागचा तीन आकडी सीव्हीव्ही हवेतून वाचता येत नाही. पिनशिवाय टॅप करायची मर्यादा रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२१ पासून ५,००० रुपये केली आहे. म्हणजे कार्ड प्रत्यक्ष चोरीला गेलं तर टॅपची भीती खरी आहे, पण तेव्हा आरएफआयडीचा कप्पाही कार्डाबरोबरच गेलेला असतो.

याचा इलाज बँकेच्या ॲपमध्ये आहे आणि तो फुकट आहे. टॅपचे व्यवहार, परदेशातले व्यवहार, ऑनलाइन व्यवहार वेगवेगळे चालू-बंद करायची सोय बँकांना द्यावीच लागते. गोव्यात चहापासून मासळीपर्यंत यूपीआय चालतं. टॅप बंद ठेवून जा. आणि बॅगेत आरएफआयडीचा कप्पा असेलच तर त्यात फोन किंवा ट्रॅकर (हरवलेली वस्तू शोधायला ठेवतात ते बारकं ब्लूटूथ यंत्र) ठेवू नका, त्यांचाही सिग्नल अडतो.

ट्रॅकर ठेवायचाच तर चोरकप्प्यात, अस्तराच्या आत टाका. तो स्वतः ठावठिकाणा सांगत नाही, आजूबाजूच्या फोनना ब्लूटूथने खूण देतो आणि त्या फोनमधून जागा कळते. कलंगुटला तो भराभर दिसेल, पेडण्याच्या आतल्या रस्त्यावर बराच वेळ गप्प बसेल. आणि नकाशावर ठिपका दिसला म्हणून स्वतः शोधत जाऊ नका, पोलिसांना दाखवा.

काय कुठे ठेवायचं

चांगल्या बॅगेला पाठीच्या बाजूने, अंगाला टेकणारा एक चपटा चोरकप्पा असतो. त्यात दिवसभर हात घालायचा नाही असं सामान : एक कार्ड, मोठ्या नोटा, खोलीची किल्ली. मुख्य कप्प्यात फोन, पॉवर बँक. पुढच्या उथळ कप्प्यात सुटे पैसे, तिकीट, रुमाल. बाजारात मोठ्या नोटेसाठी मुख्य कप्पा उघडला की आजूबाजूच्यांना पाकीट कुठे आहे ते आपणच दाखवतो.

दुसरं कार्ड कमरेच्या बॅगेत ठेवू नका, मोठ्या सामानात ठेवा. आधार मूळ घेऊन हिंडायची गरज नाही; हॉटेलला आणि गाडी भाड्याने देणाऱ्याला शेवटचे चार आकडेच दिसणारं मास्क्ड आधार द्या. लायसन्स डिजिलॉकरमध्ये असतं, ते चालतं. कोणी मूळ ओळखपत्र ठेवून घेतो म्हणाला तर दुसरीकडे गाडी बघा, सीझनमध्येही मिळते.

घामाचं काय, हे लेबलावर नसतं. मे महिन्यात किंवा पावसात पोटाला टेकलेल्या कप्प्यातल्या नोटा तासाभरात ओल्या होतात. चेनच्या प्लॅस्टिक पिशवीत घालून ठेवा.

फोनवर आणखी एक काम घरूनच करून निघा : सिमला पिन लावा. फोनला कितीही चांगलं लॉक असलं तरी सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की ओटीपी तिकडे येतो. पिन असली तर सिम ती मागतं; तीनदा चुकली की बंद पडतं. सेटिंगमध्ये जाण्याआधी सिम कंपनीची मूळ पिन विचारून घ्या, अंदाजाने टाकू नका. आणि *#०६# दाबून येणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, कागदावर लिहून घरच्यांकडे द्या.

बांधायची कशी, कुठे

कमरेची बॅग पोटावर, बक्कल बाजूला किंवा पुढे. पाठीमागे फिरवलेली बॅग म्हणजे दुसऱ्याची सोय. हल्ली ती छातीवर आडवी घालतात. हरकत नाही, पण मग बक्कल नेमकं पाठीवर येतं, जिथे हातही पोचत नाही. पट्टा सरकवून बक्कल गळपट्टीच्या हाडाजवळ, पुढे आणा. लोंबणारं टोक इलास्टिकच्या फासात खोचा.

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, बुधवारचा हणजुणेचा फ्ली मार्केट, शिगम्याची मिरवणूक, बोडगेश्वराची जत्रा : या ठिकाणी चालताना धोका कमी, थांबल्यावर जास्त. भाव करताना, शिगम्यातला ढोल-ताशांचा रोमटामेळ बघताना, व्हिडिओ काढताना. दोन्ही हात वर गेले की कोपराचा पहारा उठतो. फोटो काढायचा तर पाठ भिंतीला किंवा गाडीला लावून काढा. कोणी अंगावर काही सांडलं आणि पुसायला धावलं, तर आधी हात बॅगेवर, मग डागाकडे.

कदंबच्या किंवा खाजगी बसमध्ये चढतानाची रेटारेटी ही सगळ्यात वाईट जागा. उभं राहायला जागा मिळाली की दांडा एका हाताने धरा, दुसऱ्या हाताचा कोपर चेनच्या बंद टोकावर. रात्रीच्या कोकणकन्येत थिवी किंवा मडगावहून परत निघालात तर झोपताना बॅग अंगावरच, पोटाशी, चादरीच्या आत. खिडकीच्या हुकाला नको.

विमानतळावर, दाबोळी असो की मोपा, तपासणीला बॅग काढावीच लागते. पाकीट, घड्याळ, सुटे पैसे ट्रेमध्ये मोकळे टाकण्यापेक्षा आधीच बॅगेत घालून चेन अडकवा. आणि आपला चौकटीतून जायचा नंबर आल्याशिवाय ट्रे पुढे ढकलू नका. ट्रे पलीकडे आणि आपण अलीकडे, अशी वेळ येऊ द्यायची नाही.

पाण्यात उतरायचंय

इथे कुठलीच बॅग मदत करत नाही. सगळे एकदम पाण्यात जाणार असाल तर बॅग किनाऱ्यावर आणायचीच नाही. खोलीत तिजोरी असेल तर तिजोरीत, नसेल तर बॅगेचा तारेचा पट्टा कपाटाच्या पक्क्या दांड्याला गुंडाळून चेनचा रनर बॅगेवरच्या फासाला कुलूपबंद. हे एकच ठिकाण जिथे ते बारकं कुलूप खरं कामाला येतं. बरोबर न्यायचं तेवढं म्हणजे नाश्त्यापुरते पैसे आणि किल्ली. फोन लागतोच असेल तर गळ्यात घालायची पाणीबंद थैली घ्या, आणि तिच्यात आधी नुसता टिश्यू पेपर घालून बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा. कागद कोरडा निघाला तर फोन.

शॅकवाल्याच्या भरवशावर बॅग टाकून जाऊ नका. माणूस भला असतो, पण त्याच्या टेबलांची ये-जा त्याच्या हातात नाही. आणि स्कूटरची डिकी तर नकोच नको. सीटची कड उचलली की बऱ्याच गाड्यांत हात आत जातो, भाड्याच्या गाडीच्या किल्ल्या किती हातांतून फिरल्या असतील ते वेगळंच. किनाऱ्याजवळच्या पार्किंगमध्ये कोण डिकीत काय ठेवतो हे बघायला फारसे कष्ट पडत नाहीत.

खारं पाणी आणि पाऊस

समुद्रावरून आल्यावर बॅग गोड्या पाण्याने धुवा, बक्कल आणि रनर विशेष. बक्कलच्या चापांत वाळू अडकली की ते अर्धंच बसतं, आवाज येतो पण पकड नसते. लावल्यावर एकदा ओढून बघायची सवय ठेवा. चेन वाळल्यावर दातांवर मेणबत्तीचा तुकडा फिरवला की रनर सुरळीत चालतो. बॅग सावलीत उलटी टांगा. पावसाळ्यात कपाटात कोंबलीत तर बुरशी धरलीच समजा.

गेलीच, तर

क्रम महत्त्वाचा. आधी दुसऱ्याच्या फोनवरून आपला फोन दूरस्थ लॉक करा. मग सिम बंद करा, मग कार्डं आणि यूपीआय. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार बँकेला कळवल्यानंतर झालेलं नुकसान बँकेचं, म्हणून तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा. खात्यातून पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच कळवा.

पोलिसांसाठी ११२, रेल्वेत असाल तर १३९. ठाण्यात 'कागदपत्रं हरवली' असा अर्ज देऊन सुटका करून घेऊ नका. चोरी असेल तर चोरी म्हणा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरी कलम ३०३ मध्ये आहे, आणि हिसकावून नेणं कलम ३०४ मध्ये स्वतंत्र गुन्हा आहे. दोन्हींत फरक आहे, घडलं तसं सांगा. गाडीत बसून सावंतवाडी-कणकवली गाठल्यावर लक्षात आलं तरी परत यायला नको. हद्द कुठलीही असो, जवळच्या ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो आणि तो इकडे वर्ग होतो. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. तीच प्रत आणि आयएमईआय घेऊन सरकारच्या संचार साथी पोर्टलवर फोन बंद करायची विनंती टाका. त्यासाठी त्याच नंबरचं नवं सिम लागतं, कारण ओटीपी त्यावर येतो. म्हणून परतीच्या वाटेवर पहिला थांबा सिम कंपनीच्या दुकानात घ्या.